तीन हाका

रविवार, रात्र

जुन्या कोर्टाचं म्युझियम झालंय, ते आज पाहून आले. बाबा तिथे पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकारांची नावं तीनदा पुकारायचे, आणि घरी जेवायलाही आम्हाला तशाच तीन हाका. त्यांना जाऊन दोन महिने झाले. रडू अजून आलेलं नाही.

गाईड म्हणाला, "ताई, लोकं म्हणते इथं भूत आहे. बंद व्हायच्या टायमाले तीनदा नाव पुकारते."

मी कुलूप लागेपर्यंत त्या दाराशी उभी राहिले. कशासाठी, कोण जाणे. माझं नाव कोणी घेतलं नाही.

"काहून वं, इतका उशीर?" आईने विचारलं. मी हातपाय धुवायला गेले. मग तिने जेवायला हाक मारली, एकदाच. उरलेल्या दोन हाकांसाठी मी बसून राहिले.