हॅनिबलचे हत्ती आणि चौथा मजला

४ सप्टेंबर
लिफ्ट बंदच. कुठलासा भाग परदेशातून यायचाय — चार महिने तेच ऐकतोय. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीस ऑक्टोबरला. आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि खुबा मोडल्यापासून त्यांना जिना उतरता येत नाही. हमाल खुर्चीतून उतरवतील म्हटलं, तर म्हणाल्या, "मी काय कपाट आहे?" नवऱ्याच्या कमरेला पट्टा. उरले मी!

७ सप्टेंबर
जिममध्ये 'हॅनिबल' नावाचा व्यायामाचा वर्ग लावला. हा जुन्या काळचा सेनापती, हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडले म्हणे. आमचा डोंगर म्हणजे जिना, हत्ती म्हणजे खांद्यावर वाळूची पिशवी. चाळीस सेकंद पळा, वीस सेकंद मरा. दुसऱ्याच फेरीत मी कठड्याला मिठी मारली. शिकवणाऱ्या मॅडम शिट्टी वाजवतच राहिल्या.

८ सप्टेंबर
संडासात बसले ते उठता येईना. नवऱ्याला हाक मारावी लागली.

१९ सप्टेंबर
वाचनालयात शोधलं. हॅनिबलचे बहुतेक हत्ती त्याच हिवाळ्यात मेले! मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणसं पोचली ना? उचला."

१२ ऑक्टोबर
रोज सासूबाईंना पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवते, तेवढाच सराव. आधी दोघींना धाप लागायची. आज अलगद उचलल्या! दंड फुगवून सगळ्यांना दाखवला. नवरा म्हणाला, आता जपून बोलायला हवं. सासूबाई म्हणाल्या, बैलाचं काम बाईला लावलंस, लाज नाही वाटत? — हे त्याला.

३० ऑक्टोबर
उतरवल्या! चार मजले, एकदाही न टेकता. शेजारी दारात उभे. सासूबाई माझ्या पाठीवरून सगळ्यांना हात करतायत, नवरा मागून काठी आणि चपला घेऊन.
दवाखान्यात त्यांचं वजन केलं. दोन महिन्यांपूर्वी घरच्या काट्यावर सेहेचाळीस किलो, आज एकोणचाळीस. रक्तदाब इतका खाली की डॉक्टरांनी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं. घरात खायला देत नाही का, म्हणाले. माझा चेहरा पडला. सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या. येताना पुन्हा चार मजले.

३१ ऑक्टोबर
सकाळी चहा दिला तेव्हा सासूबाई आपणहून बोलल्या. "अर्धं ताट मी खिडकीतून कावळ्यांना घालत होते. तू एकटीनं किती मरायचं? म्हटलं, आपण जरा हलकं व्हावं."
आणि मी दंड मिरवत होते!
दुपारी ताट भरून वाढलं आणि संपेपर्यंत समोर बसून राहिले. मग मॅडमना फोन केला. पिशवी जड करा म्हटलं.