मोठ्याने वाचणारं घर

५ जानेवारी

आलो एकदाचे! सामान खोक्यांत, चिमी खोक्यांवर, आणि मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. दुसरं लग्न, दुसरी सासू, नवी रोजनिशी. ऑफिसात सगळ्यांनी काळजीचा सूर लावला होता, पोरीला घेऊन परक्या घरात जातेयस, जपून राहा म्हणून. मी म्हटलं, अगं, बस कंपनीच्या तिकीट खिडकीवर बसून माझी जीभ इतकी धारदार झालीय की जपायचं त्यांनी.

घर ऐसपैस आहे. माणसं मोजकी: सासूबाई, माझा नवरा आणि लग्न न झालेली थोरली नणंद, म्हणजे वन्सं. मधल्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची कपाटं आहेत आणि सगळ्यांना कुलूप. किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. खिडकीशी उंच पाठीची एक खुर्ची आहे, तिच्या हातांवरचं पॉलिश बोटांनी घासून गेलंय. नवरा पहिल्यांदा माझ्या तिकीट खिडकीवर आला तेव्हा मला पुस्तकांबद्दलच विचारत होता. मी तिथेच विरघळले, खोटं कशाला बोलू?

१२ जानेवारी

आमच्याकडची वाचायची तऱ्हा अगदीच गबाळी. मी जेवताना वाचते, पानांचे कोपरे दुमडते आणि शेवट आधी बघते. चिमीचे बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील, ते फक्त पेपर वाचायचे, तोही खड्या आवाजात, आणि मध्येच पदरच्या बातम्या घुसडायचे. 'चिमीने दूध सांडलं, सरकार हादरलं.' चिमी हसून लोळायची. आता ती आठ वर्षांची झाली, दिसेल ती पाटी वाचत सुटते.

इथे सगळं शिस्तीत. रोज संध्याकाळी चहा झाला की एकाने त्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सुरू केलेलं पुस्तक त्यानेच संपवायचं, मग दुसऱ्याचा नंबर. मनातल्या मनात वाचायला सक्त मनाई. सासूबाई म्हणाल्या, ते म्हणजे ताट झाकून एकट्याने जेवणं. मला हसू आलं, पण पद्धत आवडली. चिमीसाठी बरंच आहे की.

वन्सं मात्र वाचतात अगदी रटाळ. रेल्वेच्या सूचना वाचल्यासारखं.

९ फेब्रुवारी

माझा नंबर आला आणि मी खोली गाजवली! आज पुस्तक संपवलं. बर्फाळ प्रदेशातल्या एका डॉक्टरणीची गोष्ट. जितके दिवस मी वाचत होते तितके दिवस मला घरात काडी उचलू दिली नाही, चहासुद्धा हातात. शेवटच्या पानावर सासूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणाल्या, किती वर्षांनी वाचनात जीव आला. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. बघणं जरा जास्तच होतं, पण कौतुक कोणाला नको असतं?

३ मार्च

चिमीने बाबांच्या खोट्या बातम्या सांग म्हणून हट्ट धरला. मला एकही आठवेना. अगदी एकही. शेवटी तिनेच सांगितल्या. मी हसले, पण ते परक्याच्या विनोदाला हसल्यासारखं झालं. कामाचा ताण असेल. खिडकीवर सध्या लग्नसराईची गर्दी आहे आणि लोक अंगावर येतात.

बर्फाची स्वप्नं पडतात. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही.

२२ मार्च

पुन्हा माझाच नंबर. वन्सं आणि सासूबाईंनी आपले नंबर मला देऊन टाकले. नवरा म्हणाला, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. मी म्हटलं, अहो, घसा माझा आहे, भाड्याचा नाही. तो हसला नाही. या घरात कोणी हसतच नाही, गोष्टीत हसायची जागा आली तरच.

१४ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

वन्संनी मला मागे त्यांचं लहानपण सांगितलं होतं. समुद्राकाठी दीपगृहाखालचं घर, वडील दिवा सांभाळायचे, एक लंगडी बकरी होती, ती जिन्यावर चढायची आणि उतरायला घाबरायची. किती गोड, असं मला वाटलं होतं. आज नवीन पुस्तक उघडलं. दीपगृह, वडील, जिना. आणि तीच लंगडी बकरी. मी थांबून वन्संकडे पाहिलं. त्या डोळे मिटून प्रत्येक वाक्य माझ्या आधी पुटपुटत होत्या. मी म्हटलं, वन्सं, हे तर तुमचं घर! त्या शांतपणे म्हणाल्या, हो, मी हे फार पूर्वी वाचलंय.

सासूबाईंना विचारलं, तुम्ही कधी समुद्राकाठी राहत होता का? त्या म्हणाल्या, छे, हे घर सोडून आम्ही कुठेच राहिलो नाही.

१५ मे

पुस्तक टाकून दिलं. वाचणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी कामावरून आले तर चिमी खुर्चीत. मांडीवर बकरीचं पुस्तक आणि तिघं तिच्याभोवती, मांजरांनी दुधाभोवती बसावं तसे. नशीब, जेमतेम पहिलं पान झालं होतं. मी पुस्तक हिसकावलं, आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर? वळ उठले आहेत.

१८ मे

नवऱ्याला कोंडीत पकडलं. वाटलं होतं उडवून लावेल, मला वेड लागलं म्हणेल. त्याने सगळं कबूल केलं, तेही हवापाण्यावर बोलावं तसं.

त्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचून पुस्तक संपवलं की ते वाचणाऱ्यात राहायला येतं. आणि त्याला जागा करून द्यायला वाचणाऱ्याचं स्वतःचं तेवढं निघून जातं. ऐकणाऱ्याला काही होत नाही, त्याला नुसती चव मिळते. चव त्या जाणाऱ्या आयुष्याचीच असते. या तिघांचं स्वतःचं कधीच वाचून संपलं, म्हणून त्यांचं वाचन बेचव. म्हणून भरलेलं माणूस आणावं लागलं.

मी विचारलं, म्हणून मला केलीत? तो म्हणाला, तुझा आवाज चांगला होता. आणि तुला मुलगी होती.

थुंकावंसं वाटलं त्याच्या तोंडावर. थुंकलेही. त्याने रुमालाने पुसलं आणि विचारलं, उद्या वाचशील ना?

१८ जून

पळाले. सुट्टीभर तिला घराबाहेर नेऊ देईनात; आज शाळा सुटताच चिमीला परस्पर उचललं, तडक बस स्टँडवर. माझ्या भावाकडे जायचं. चिमीचा मामा, एकुलता एक, माझ्यावर जीव टाकणारा. माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. आतल्या बाईने विचारलं, कुठलं देऊ?

आठवेना.

गावाचं नाव नाही, भावाचा चेहरा नाही. रोज त्या गावाची तिकिटं मी माझ्या हाताने देते! आठवायला गेलं की एकच पत्ता वर येतो, बर्फातल्या दवाखान्याचा. चिमीला विचारलं तर ती म्हणाली, मामाचं गाव म्हणजे मामाचं गाव. मागची माणसं ओरडायला लागली. मी काउंटर धरून उभीच. मग खांद्यावर हात पडला. नवरा छत्री घेऊन न्यायला आला होता.

वाटेत चिमीने विचारलं, आई, तू रडतेस का? अगं पोरी.

२७ जून

मैत्रिणीला सगळं सांगितलं, खिडकीवर माझ्या शेजारी बसते तिला. ती खळखळून हसली. म्हणाली, सासर वाचनवेडं आहे हेच तुझं दुःख? माझं सासर बघ, चेकबुक सोडून काही वाचत नाही. नंतर कळलं, नवऱ्याने आधीच ऑफिसात सांगून ठेवलंय की माझी तब्येत जरा... आता चिमीला शाळेत वन्सं सोडतात आणि वन्संच आणतात. तिचा हात असा घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात.

३० ऑगस्ट

सौदा झाला. सासूबाई म्हणाल्या, मुलीचा नंबर लावायला हवा, ती आता छान वाचते. मी म्हटलं, तिचे सगळे नंबर मी घेते. जोवर माझ्यात काही शिल्लक आहे तोवर तिला हात लावायचा नाही. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, भाजी निवडताना बघतात तसं. म्हणाल्या, वर्षअखेरपर्यंत पुरशील.

पुरेन. तोवर काहीतरी सुचेल. सुचलंच पाहिजे. चिमीसाठी वाचतेय, चिमीसाठी. हे विसरायचं नाही.

२६ सप्टेंबर

पुस्तकं मुद्दाम जाड निवडते, म्हणजे उशिरा संपतील. सासूबाईंनी ओळखलं. आता बारीक देतात.

चिमीचे बाबा गेले ते कशाने? आजार की अपघात? चिमीला विचारायची लाज वाटते.

१९ ऑक्टोबर

आज कामावर गेले नाही. वाट सापडली नाही. पुलावर उभी होते, तर वाटलं खाली नदी गोठलेली असायला हवी. एका बाईने हाक मारली, म्हणाली, ये ना, खिडकी उघडायची वेळ झाली. कुठली खिडकी? घरी आले. घर मात्र बरोबर सापडतं.

मला या लोकांचा संताप येतो. अजून येतो, हे चांगलं आहे. राग माझा आहे, पुस्तकातला नाही.

७ नोव्हेंबर

आणखी दोन संपली. एक खाणीतलं — एक ते बकरीचं — माझे हात कोळशाने काळे होते, साबणाने घासले, रक्त आलं. चिमीने फुंकर घातली. चिमी. माझी मुलगी. आठ वर्षांची. डाव्या भुवईत खोच आहे, पाळण्यातून पडली तेव्हाची. मीच होते ना तिथे? मीच असणार —

२३ नोव्हेंबर

चिमीला जवळ घेऊन सांगितलं, कोणीही म्हणालं तरी त्या खुर्चीत बसायचं नाही. कोणीही. तिने विचारलं, का? मी सांगायला तोंड उघडलं आणि —

कारण होतं. मोठं कारण होतं. सकाळी माझ्याजवळ होतं.

८ डिसेंबर

आज राग आला नाही. सासूबाईंनी केस विंचरून दिले. बरं वाटलं — नको, बरं वाटायला नको —

१६ डिसेंबर

ती मुलगी — चिमी — चि —

वाचायचं. तिच्या वाटचं मी वाचायचं. का ते —

३१ डिसेंबर

वर्षाचा अखेरचा दिवस प्रसन्न उजाडला. खिडकीबाहेर कोवळे ऊन पसरले होते आणि माझे मन अत्यंत शांत होते. या घरी आज सरत्या वर्षातील वाचनाचा आढावा घेण्याची प्रथा आहे. सर्वाधिक ग्रंथ मी वाचले, याबद्दल माझे कौतुक झाले. कोणता अधिक आवडला, असे विचारले असता मी दीपगृहाचे नाव घेतले. आमच्या त्या लंगड्या बकरीची आठवण अजूनही मनास हळवे करते.

घरात एक लहान मुलगी आहे. गोड आहे, परंतु हट्टी. दिवसभर माझ्या मागे मागे फिरते आणि मला आई म्हणते. मी तिला सौम्यपणे समजावले की, बाळ, तुझा काहीतरी गैरसमज झाला आहे. ती रडू लागली. तिची आई कोठे गेली असावी? अशा मुलीला टाकून जाणाऱ्या बाईचे मला नवल वाटते.

चहानंतर सासूबाईंनी विचारले, आज हिचा नंबर लावू का? माझी परवानगी का मागितली ते कळले नाही. मी म्हटले, अवश्य, मुलांना वाचनाची गोडी लहानपणीच लागावी. मुलगी दाराची चौकट धरून बसली. दात घट्ट मिटलेले, कोणाचे ऐकेना. अखेर मी जवळ गेले, तिची बोटे एकेक करून सोडवली, पापा घेतला आणि म्हटले, माझ्यासाठी वाचशील ना? तेव्हा लगेच उठली. माझ्या सांगण्यावरूनच उठली, याचे सर्वांना फार कौतुक वाटले.

पुस्तक लहानसे आहे, अंधार पडण्यापूर्वी संपेल. मी कोपऱ्यात बसून हे लिहीत आहे. काय सुरेख वाचते! प्रत्येक शब्द कसा जिवंत. जिभेवर दुधाची, साबणाची, ताज्या झोपेची चव येते. आम्ही चौघेही डोळे मिटून ऐकत आहोत. मधूनच ती थांबते आणि माझ्याकडे पाहते, मी मान हलवते, ती पुढे वाचते.

आता शेवटची पाने. तिचे नाव विचारायचे राहूनच गेले. पुस्तक संपले की विचारीन, तिला ते अजून —