मी वाट बघत नव्हते

१२ फेब्रुवारी २००३
सिनेमावाले आले! आठवडाभर मुरबाड स्टँडवर शूटिंग. गोष्ट काय म्हणे — पाच एकटी माणसं, कुणी कुणाला ओळखत नाही, पण रोज एकाच स्टँडवर एकमेकांना धडकतात. आमच्या मुरबाडात शिंकलं तरी घरी निरोप जातो! पण जेवायला माझ्याच खानावळीत येणार आहेत. मग चालू द्या.

१६ फेब्रुवारी
सिनेमा लिहिणारा प्रणित जेवण झालं तरी उठत नाही. आज विचारलं, "ताई, गळ्यात मंगळसूत्र आहे, पण साहेब कधी दिसत नाहीत?"

सांगून टाकलं. चार वर्षं झाली, आईच्या तेराव्याला मी शहापूरला गेले. परत आले तर दाराला कुलूप. शेखर कल्याणला, रेश्माबरोबर. आईचं तेरावं! तेवढेही दिवस धीर निघाला नाही मेल्याला.

आता त्याला काडीमोड हवाय. गावकीपुढे काडीचं एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक बायकोनं, आणि मोडायची. ती मोडल्याशिवाय रेश्मा त्यांच्या घरच्या देवापुढे जोडीनं बसू शकत नाही. मी मोडत नाही. प्रणित म्हणाला, "का?" मी म्हटलं, "नाय मोडायची." त्याच्या डोळ्यांत पाणी! मला वाटलं, रस्सा तिखट झाला.

२ मार्च
राघोमामा आले. शेखरचे मामा, गावकीत मान आहे. "नमे, मोड गो आता. रेश्माला सासू देवघरात पाय ठेवू देत नाय. रडते ती." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. म्हटलं, रडू दे.

झोप काय छान लागली!

७ जानेवारी २००४
म्हशाची जत्रा सुरू. तंबू थेटरवाला भोंग्यावर ओरडतोय — आपल्या मुरबाडचा सिनेमा! माझ्याकडे भाकऱ्या थापणारी ताराबाई म्हणाली, "आपली खानावळ दिसंल गो त्यात. उद्या जाऊ."

८ जानेवारी
सिनेमा बघून आले.

त्या पाचांतली एक मी आहे. खानावळवाली! माझंच लुगडं, माझीच चूल, आईचं तेरावंसुद्धा. ती बाई रोज एक ताट जास्त वाढून ठेवते. कुणी आलं की दाराकडे बघते. शेवटी नवरा परत येतो, ती काही न बोलता ताट पुढे करते. तंबूभर बायका मुसमुसत होत्या. ताराबाईनं माझा हात धरला — "इतकी वाट बघतेस गो त्याची? बोलली नाय कधी!"

मी वाट बघत नव्हते. मी अडवून धरलं होतं. मंगळसूत्र मायेनं नाही घातलं, त्याचा गळा आवळायला घातलं. एवढं साधं कळू नये? सिनेमा लिहितो आणि!

९ जानेवारी
बूथवरून प्रणितला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं, तुमचं अजून प्रेम आहे." प्रेम! पुढच्या वेळी ये जेवायला. मिरच्यांचं कालवण करते तुझ्यासाठी.

११ जानेवारी
बाजारात बायका माझ्याकडे देवीकडे बघावं तशा बघतात. वाणीणबाईनं नारळ हातात दिला, "तुझ्यासारखी तूच." टाकलेली बाई म्हणून ज्या हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या, त्यांचं आज बोलावणं आलं. गेले नाही.

त्यांना कळलं पाहिजे मी किती वाईट आहे. कुणी ऐकूनच घेत नाही!

१५ जानेवारी
शेखर आला.

दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर. हातात पिशवी, दाढीत पांढरं. बाकड्यावर बसला. म्हणाला, "जत्रंत सिनेमा पायला. रडलो गो मी. तुझ्या मनात असं असंल, माहीत नव्हतं." मी विचारलं, "रेश्मा?" म्हणाला, "ती भावाकडं गेलीय, आजारी हाय तो. कुलूप लावून आलो. चिठ्ठी ठेवली."

कुलूप लावून आलो.

इतकी वर्षं मनात शिव्या घोळवल्या, एकही आठवेना. तो दाराकडे, चुलीकडे, ताटांकडे बघत होता. वाढायची वाट बघत होता! ताराबाई पदराला डोळे पुसत आत गेली आणि भरलेलं ताट घेऊन आली. मी ते तिच्या हातून घेतलं आणि स्वतः जेवायला बसले. त्याच्यासमोर. सगळं संपवलं. मग म्हटलं, "रविवारी गावकी बोलाव."

त्याला वाटलं, त्याला घरात घेतल्याचं सांगायला बोलावतेय. खुशीत गेला राघोमामांकडे.

१८ जानेवारी, रविवार
काडी मोडली. तो टोक धरेचना, राघोमामांनी त्याची बोटं मिटवली. मीच ओढली. तो सगळ्यांसमोर ओरडला, "पर तू तर माझी वाट बघत हुतीस!" बायका मला शिव्या घालत उठून गेल्या. ताराबाईसुद्धा.

संध्याकाळी रेश्मा आली. चिठ्ठी मुठीत चुरगळलेली. दारात उभी राहून म्हणाली, "तो हितं हाय का?" म्हटलं, नाय. ती हललीच नाही. तिच्याही दाराला कुलूप, कुठं जाणार होती? मी तिला आत घेतलं. दोघी जेवलो.