विमा इमारतीचा जिना

३ मार्च
शी! दिवसभर वारसा-इमारतींच्या यादीसाठी पाहणी, बाजारातल्या त्या पन्नास-साठ सालच्या ऑफिस-इमारतींची. एकीला धड रूप नाही. डोक्यावर एसीचं पाणी, बोळात मुताचा वास, भिंत दिसू नये इतक्या पाट्या. साहेब गाडीतून उतरतच नाहीत. काच खाली, एक नजर, की तक्त्यात ‘वास्तुविशेष : निरंक’. खात्याची रीतच ती — इमारत शंभरीच्या पुढची असेल तरच आत जायचं.

४ मार्च
बाबांनी परत विचारलं, विमा इमारत आली का गं यादीत? तिच्या जिन्याचा आराखडा त्यांचा. चोविसाव्या वर्षी काढलेला. पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या.

७ मार्च
गेले एकटीच. लिफ्ट बंद. तीन मजले जिन्याला प्लायवूड ठोकलेलं, त्यावर जाहिराती, त्यावर कुणीतरी शिंकरलेलं. किळस आली. चौथ्यावर प्लायवूड संपलं आणि बघतच राहिले. एक खांब नाही! जिना आपला वळत वळत वर गेलाय. कठड्यावर हात ठेवून रडले. चौकीदाराने विचारलं, बरं नाही का बाई?

९ मार्च
चार पानी टिपण साहेबांपुढे ठेवलं. उघडलंही नाही. जुन्या पाहणीवरून पाडायचा आदेश निघालाय म्हणे. हरकत आराखडा काढणाऱ्यानेच घ्यायची, तीही दहा दिवसांत. पाहणी न करताच तक्ता भरला, असं लिहून द्यायचं. मग भरणाऱ्याची चौकशी, नोकरीही जाईल.

जाऊ दे त्याची! कोण तो गाढव, त्याला चार जिने चढवले नाहीत? आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! हरकतीचा अर्ज मीच लिहून काढला. ‘खोटी पाहणी’ खाली दोनदा रेघ मारली.

१० मार्च
आदेशाची प्रत मिळाली. जोडलेले कागद बघायलाही थांबले नाही, अर्जासकट बाबांच्या हातात दिले आणि स्वयंपाकाला लागले.

बाबांनी सही केली नाही. भिंग धरून शेवटचं पान बघत होते. जुना तक्ता. सहा वर्षांपूर्वीचा, खाली सही माझी. त्या दिवशी गाडीत बसून नुसत्या क्रमांकांवर चाळीस भरले होते. ही इमारत आठवतसुद्धा नाही.

अर्जाची घडी घालत बाबा म्हणाले, “जिना जुना झालाय गं. तुझ्या नोकरीची अजून चार वर्षं आहेत.”