अठ्ठ्याहत्तर अंश

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता उत्तर येण्याची भीती नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करते आहे. उदगीरच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होते, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसायचं. कंडेन्सरमधून पाणी वाहू द्यायचं तर बादल्याच्या बादल्या लागणार, म्हणून तुम्ही ऊर्ध्वपातन बंदच केलंत. थर्मामीटरला दोऱ्यानं बारीक नळी बांधायची, तिच्यात द्रवाचे चार थेंब, आणि सगळं पॅराफिन तेलाच्या बीकरमध्ये सोडून खालून स्पिरिटच्या दिव्याची मंद आच द्यायची. बुडबुडे सलग सुटू लागले की पारा वाचायचा. मी पहिल्यांदा बेंझीनचा उत्कलनबिंदू काढला, तो दिवस अजून दिसतो. पारा अठ्ठ्याहत्तरावर, आणि मी शहाणी वहीत पुस्तकातले ऐंशी लिहून मोकळी. तुम्ही वही ओढता, लाल रेघ मारता. "पुस्तक समुद्राकाठचं हाय, पोरी. आपून उंचावर राहतो, हवेचा दाब कमी. इथं पाणीबी अठ्ठ्याण्णवला उकळतं. डोळ्याला दिसलं ते लिव्ह. नसंल लिव्हायचं तर दिवा कशाला जाळायलीस?" सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला फार राग आला होता.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मला नेमकं बेंझीनच आलं आणि मी दिसलं तेच, अठ्ठ्याहत्तर, लिहिलं. "दोन अंश कमी कसे?" त्यांनी विचारलं. तुम्ही हवेच्या दाबाचं सांगितलंत. "मग बॅरोमीटर दाखवा." तो आपल्याकडे नव्हताच. ते माझ्याकडे वळले, "तुला नक्की किती दिसलं?" तुमच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, सर. भरवसा होता. मी म्हणाले, "ऐंशी, सर. आमच्या सरांनीच अठ्ठ्याहत्तर लिहायला सांगितलं."  तुम्ही टेबलावरचा दिवा विझवलात.

तुमची नेमणूक तात्पुरती आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. जूनमध्ये तुमच्या जागी दुसरे सर आले. तुम्ही कंधारकडच्या कुठल्याशा शाळेत गेल्याचं कळलं. पुढे मी नांदेडला शिकवू लागले, तेव्हा एकदा बसस्थानकावर दिसलात. मी तोंड चुकवणार, तोच तुम्ही हाक मारलीत. "शिकवायलीस म्हणं? लई चांगलं झालं." पिशवीतले दोन पेरू काढून माझ्या हातावर ठेवलेत. ते मी खाल्ले नाहीत. रिक्षात विसरले, असं स्वतःला सांगितलं. त्यानंतर थेट तुम्ही गेल्याची बातमीच आली.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली आहे, एकदोन मैत्रिणींनाही. वीस वर्षांची पोर, घाबरले, असं म्हणते. ऐकणारे हळहळतात, तुमच्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त. मला त्याची लाज वाटते, तरी मी त्यांना थांबवत नाही. तुमच्या घरी आता कोण असतं ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी हे पाठवायची माझी हिंमत झाली नसती. सर, मी त्या दिवशी घाबरले नव्हते. मला कॉलेजात पहिली यायचं होतं, आणि मी आले.