कॅरिअर नसलेली सायकल

आप्पा, मी सायकल घेतली. जुनीच, दुसऱ्याने वापरलेली. तुमची काळी सायकल डोळ्यांपुढे आणून हिचा अंदाज बांधू नका, तो चुकेल. हिच्या टायरांवर मक्याच्या कणसासारखे दाणे आहेत. पुढच्या चाकाला दोन जाड नळकांडी आहेत, आणि तुमच्या सायकलीत जिथं मोकळा त्रिकोण होता, ज्यातून पाय घालून मी कैची मारायला शिकलो, तिथं सीटखाली आडवी एक स्प्रिंग आहे. खड्डा आला की पुढचं चाक आपलं आपण दबतं, मागचं आपलं आपण दबतं आणि वर बसलेल्याला काही कळत नाही. डोंगर उतरणाऱ्या पोरांची सायकल आहे ही. मी सत्तरी ओलांडली आहे, आणि सोलापुरात डोंगर नाही.

झालं असं, की यंदा माझी पाठ धरली. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून मणक्यांची झीज दाखवली आणि म्हणाले, "स्कूटर बंद करा. हादरे टाळा." हादरे हा शब्द कुणीही बोलतो, रोज कानावर पडत असणार. पण त्या दिवशी तो तुमच्या आवाजात ऐकू आला. खंडेनवमीचा दिवस होता. तुम्ही अंगणात सायकल उलटी करून रॉकेलच्या बोळ्याने चेन पुसत होता, नंतर तिला हळद-कुंकू लावायचं होतं. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, कॉलेजात जाणारा. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "तू फुडं बसला हुतास. लई हादरं बसलं का रं तिला?" कोण, कधी, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, आठवत नाही. तुम्ही चाक फिरवून बघितलंत, आणि तो विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

मला आठवत होतं ते एवढं. आईच्या पोटात रात्रभर दुखत होतं. सकाळी बैलगाडी मिळेना, म्हणून तुम्ही कॅरिअरवर चादरीची घडी बांधलीत आणि तिला मागं बसवलंत. मला वस्तीवर ठेवायला कुणी नव्हतं, मी दांडीवर. वस्तीपासून वळसंगच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळी पांदण, दगडगोट्यांची, मध्ये कोरडा ओढा. पुढं सोलापूरपर्यंत खडीचा रस्ता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, आणि हात पुसता पुसता तुम्हाला एकच विचारलं, "सायकलवरनं आणलंत यांना?" त्यात राग नव्हता, कदाचित नवल असेल. दुसऱ्या दिवशी ती गेली. परत आल्यावर तुम्ही कॅरिअर पान्याने सोडवलंत आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलंत. मी एकदा मित्राला पुढच्या दांडीवर घेऊन आलो, तर तुम्ही भर रस्त्यात माझ्या मुस्काटात दिलीत. "सायकलीवर मानूस बसवायचा न्हाय." एवढंच म्हणालात. मला नोकरी लागली तेव्हा तीच सायकल पुसून, हवा भरून माझ्या हातात दिलीत. मागं कॅरिअरच्या जागी चार मोकळी भोकं.

तर पाठ धरल्यावर मी घरी पडून होतो. मोबाइलवर सायकलींच्या जाहिराती बघत बसलो होतो, म्हातारपणात माणूस काहीही बघतो. तिथं या सायकलीबद्दल लिहिलं होतं, फुल सस्पेन्शन. अर्थ शोधला. दोन्हीकडचे हादरे खाणारी. मी उठून बसलो. मला वाटलं, पाठ पुरती जायच्या आत एकदा त्या पांदणीतून जाऊन यावं. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडून यायचं राहिलं आहे. माझ्याशिवाय ते देणारं आता कुणी उरलेलं नाही.

विकणारा जुळे सोलापूर भागात राहणारा तरुण, नोकरीसाठी बंगळुरूला निघालेला. घरात खोकी बांधून ठेवलेली. "नातवाला घेताय ना काका?" त्याने विचारलं. म्हटलं, "नातू नाही मला. मीच बसणार." तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याची बायको मात्र आतून ओरडली, "अहो, आधी काकांना बसून तर बघू दे. पडले बिडले तर आपलं बंगळुरू राहील बाजूला!" त्याने दोन्ही हातांनी सीट दाबून दाखवली. दाबली की बसते, सोडली की सावकाश वर येते. एकदम उसळली तर समजायचं, आतलं तेल गेलं. मग स्प्रिंगवरचा एक निळा खटका दाखवला. तो आडवा केला की मागची स्प्रिंग बंद. डांबरीवर बंद ठेवायची, नाहीतर पायातलं बळ तीच खाते. कच्च्या रस्त्यावर उघडी. सगळं समजून घेऊन मी विचारलं, "आणि कॅरिअर कुठं लावायचं?"

"हिला कॅरिअर नाही बसत काका. मागचा सगळा भाग हलता आहे ना. आणि या सायकलीवर मागं बसवणार कुणाला?"

मी म्हटलं, कुणाला नाही. तिथूनच मागं फिरायला हवं होतं, आप्पा. ज्या जागेसाठी मी ही सायकल बघायला आलो होतो, तेवढी एकच जागा तिला नव्हती. तरी घेतली. हातात धरून चालत घरी आणली, तुम्ही आणायचात तशी. बायको दारातच होती. "गोळ्या पिशवीत आणि उड्या मारायची सायकल दारात! कविता शिकवून शिकवून मास्तरांचं डोकं फिरलं म्हणतील लोक." मग खालच्या आवाजात, "कुठं जायचंय तुम्हाला?" मी सांगितलं. सकाळी तिने डबा भरून दिला.

वळसंगच्या अलीकडे, आपल्या फाट्यापर्यंत मी सायकल टेम्पोत टाकून नेली. अक्कलकोटचा रस्ता आता तुम्हाला ओळखू येणार नाही. आरशासारखा झालाय, टेम्पोतला पाण्याचा तांब्याही हिंदकळला नाही. पण पांदण तशीच आहे. त्याच बाभळी, गाड्यांच्या चाकोऱ्या, वर आलेले दगड. मी निळा खटका उघडला आणि बसलो. आणि आप्पा, काही झालं नाही. दगडावरून गेलो, चाकोरीत उतरलो, ओढ्याच्या गोट्यांवरून गेलो. खाली चाकं आपापली दबत होती आणि मी वर गादीवर बसल्यासारखा. आयुष्यात इतक्या सुखाने मी त्या वाटेने गेलो नव्हतो. ते सुख मला सोसेना. ओढा चढून मी उतरलो आणि बाभळीला सायकल टेकवून उभा राहिलो.

तिथं एक बाई मेंढरं घेऊन बसली होती. "कुटं निगालाव आजोबा? फुडं रस्ता न्हाय."

"आमची वस्ती हुती की हितं," मी म्हटलं. किती वर्षांनी माझ्या तोंडून असं आलं.

"ती व्हय? आता न्हाय कोन तितं. निस्ती चिंच हाय." तिने सायकलीकडे पाहिलं. "नवी घेतली जनू?"

"जुनीच हाय."

"नव्यावानी दिसतीया. बसा घटकाभर सावलीला. सायकल नवी आन् मानूस पार मोडलेला, असं दिसतंय बगा." आणि स्वतःच हसली. मलाही हसू आलं.

वस्तीच्या जागी खरंच चिंच तेवढी होती. तिच्याखाली डबा खाल्ला. परतताना मी खटका आडवा केला. मागची स्प्रिंग बंद. आईला घेऊन तुम्ही याच दिशेने गेला होता, वस्तीकडून रस्त्याकडे. पहिल्याच दगडाला कमरेत कळ निघाली, डोळ्यांपुढे अंधारलं. तरी उतरलो नाही. ओढ्यात गोटे लागले तसा मी कविता म्हणायला लागलो. शाळेतली, पाखराची. संध्याकाळी घरट्याकडे परतणाऱ्या पाखराची. तुम्हाला ती माहीत नसणार, पण त्या सकाळी तुम्ही ती वाटभर ऐकली आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजी ती वर्गात म्हणून घेणार होते आणि मला येत नव्हती. मागून आई म्हणायला लावत होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं, कानडी मुलखातली ती. माझ्याकडून ऐकून ऐकून तिची पाठ झाली होती. मी अडलो की मागून, "मुंद, मुंद," पुढं म्हण. खड्डा आला की माझ्या तोंडातला शब्द तुटायचा, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. परवा ओढ्यात तसाच तुटला. आणि तिचा मागचा आवाज मला लख्ख आठवला. दर हादऱ्याला ती हसत होती, आप्पा. शब्द तुटला की हसायची आणि म्हणायची, मुंद. तुमची तिच्याकडे पाठ, जीव सगळा पायांत. तुम्हाला तो आवाज कण्हण्यासारखा वाटला असेल. ते हसणं होतं. पुढं मी मास्तर झालो, ती कविता पुस्तकातून गेली तरी फळ्यावर लिहून शिकवली, आणि दर वर्षी पोरांना सांगितलं, ही कविता हसत म्हणायची. का, ते मला परवा कळलं. तुम्ही विचारलंत त्याचं हे उत्तर. हादरे बसले, पण तिला ते लागत नव्हते. ती हसत होती.

सायकल आता बाल्कनीत आहे. बायकोने तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. डॉक्टरांनी पुन्हा बसायचं नाही असं बजावलंय, आणि मलाही पुन्हा जायचं नाही. खाटेवर आडवा पडून, वहीखाली उशी घेऊन हे लिहितो आहे.

पण आप्पा, मी दांडीवर होतो. माझंही तोंड पुढेच होतं. तिचं तोंड मीसुद्धा पाहिलं नाही, नुसता आवाज ऐकला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर मी मघाशीच थांबलो असतो, ती हसत होती तिथंच.