बाळाच्या दुपट्यावर

आसाराम,

तुझ्या वहिनीला बैलगाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात घेऊन चाललो. पोटातलं लेकरू गेलं, असं सुईणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. वहिनीला अजून सांगितलं न्हाई.

मांजर माजघरात व्यालीय, तेही बाळासाठी शिवलेल्या दुपट्यावर. पिल्लांना हात लावू नको, न्हाई तर ती त्यांना दुसरीकडं नेईल. तिला दुधात भाकर कुस्करून दे. बोका येऊन राह्यला, तवा दार बराबर लावत जा.

दुपटं काढून घ्यायला मी गेल्तो, तर वहिनी कळा सोसत म्हणाली, "राहू द्या, बाळंतीण हाय ती. आपल्या लेकराला मी दुसरं शिवते."

जुनं लुगडं आन् सुईदोरा तिनं गाडीत सोबत घेतलाय. मला नको म्हणवलं न्हाई.

तुझा दादा,
कारभारी